एक सेट, दोन गावं

अणदूरच्या हणमंतप्पाला गप्प बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. त्याची बायको शांतम्मा तर सांगते, हा माणूस झोपेतसुद्धा ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ करतो. आता यात त्याचा तरी काय दोष? उभं आयुष्य त्यानं लाउडस्पीकर भाड्यानं देण्यात घातलं. लग्न, बारसं, निवडणूक, खंडोबाची यात्रा, जिथं म्हणून चार माणसं जमायची तिथं हणमंतप्पाचे कर्णे झाडावर चढायचे आणि हा माइक धरून सुरू व्हायचा. ‘तमाम भाविकांना विनंती’ इथून जी गाडी सुटायची ती चुकलेल्या पोराच्या चड्डीच्या रंगावर जाऊन थांबायची. पुढं डीजेवाले आले आणि कर्णे माळ्यावर गेले. तोंड काही माळ्यावर टाकता येईना. ते घरातच राहिलं, आणि शांतम्माच्या वाट्याला आलं.

त्याचा दोस्त राजपाल नळदुर्गचा. तोही माइकचाच माणूस. एसटीत वाहतूक नियंत्रक होता, स्टँडच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचा. उमरग्याला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी सामान सांभाळावं, खटका बंद, चहा. दोघांची ओळखही माइकवरनंच झाली. एका यात्रेत हणमंतप्पाचा कर्णा स्टँडच्या तोंडाशी बांधला गेला. त्याचं ‘रांगेत या’ आणि राजपालचं ‘गाडी सुटत आहे’ यांची अशी खिचडी झाली की दर्शनाला आलेली माणसं शिस्तीत रांग लावून उमरग्याच्या गाडीत चढली. दोघं भांडले, भांडता भांडता चहाला गेले, आणि तेव्हापासून दोस्ती.

पण दोघांत एक खोड सारखीच. जन्मभर माइकमधून बोललेली माणसं ती. माइकमधून उलट उत्तर येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मोबाइल आले तसा रोज सकाळी फोन व्हायचा. दोघं एकाच वेळी बोलायला लागायचे, एकाच वेळी दमायचे आणि ‘बरं झालं, बोलणं झालं’ म्हणून फोन ठेवायचे. शांतम्मा विचारायची, “काय म्हनत्यात राजपालभाऊ?” हणमंतप्पा म्हणायचा, “बरं हाय.” तो काय म्हणाला हे याला कुठं ठाऊक?

अशाच एका सकाळी राजपालनं फोनवर सांगितलं की मालनबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, सोलापूरला दवाखान्यात नेलंय, लक्षण काही ठीक नाही, तू ये. त्याच वेळी हणमंतप्पा आपल्या बोअरला पाणी कसं लागलं ते सांगत होता. बोअरची गोष्ट संपली, फोन ठेवला. मालनबाई गेली. अणदूर ते नळदुर्ग अंतर ते किती, एका एसटीचं! पण हणमंतप्पाला बातमी कळली ती जलदानविधीही उरकल्यावर, तीही दुधवाल्याकडून. धावतपळत गेला तर राजपाल दारातूनच म्हणाला, “सांगितलं होतं तुला. तू बोलत होतास.” आणि दार लावलं.

त्यानंतर फोन बंद. हणमंतप्पा गावात बोलायचा, देवळापुढं बोलायचा, म्हशीशी बोलायचा. पण सकाळी फोनची वेळ झाली की त्याचा चेहरा पडायचा. दोस्त तो एकच होता. ऐकणारे गावभर होते, पण ते काही दोस्त नव्हते. मालनबाईच्या हातचा चहा पिऊन वाढलेली दोस्ती, आणि तिलाच खांदा द्यायला हा नव्हता. हे त्याला आतून खात होतं, आणि कसं सांगावं तेही कळत नव्हतं.

नवरात्रात तो तुळजापूरला गेला. गर्दीत एका मांडवात सोलापूरचे गुरुप्रसाद म्हणून एक गृहस्थ बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, हौशी रेडिओवाले. गर्दीच्या बंदोबस्ताला मदत म्हणून बिनतारी सेट घेऊन आलेले. सेट केवढा? चपातीच्या डब्याएवढा. समोर हिरव्या आकड्यांची पट्टी, वळणदार वायरीला माइक. माइक म्हटल्यावर हणमंतप्पाचे पाय तिथंच थिजले.

“हा घरी चालतो, गाडीतही चालतो,” गुरुप्रसाद हौसेनं सांगू लागले. “पन्नास वॅट. बारा व्होल्टची बॅटरी पुरते. हे पुढचं पॅनल निघतं बघा.” त्यांनी एक कळ दाबली आणि सेटचं तोंड अलगद हातात आलं. “गाडीत धड सीटखाली ठेवायचं, तोंड समोर लावायचं, मधून वायर. दोनशे फ्रिक्वेन्सी लक्षात ठेवतो. आणि कुणी फारच लांबण लावली तर सेट आपोआप त्याचं बोलणं तोडतो.”

“आणि दोघं एकदम बोलले तर?” हणमंतप्पानं विचारलं.

“बोलताच येत नाही. कळ दाबली की बोलता येतं, ऐकू येत नाही. सोडली की ऐकू येतं, बोलता येत नाही. म्हणून शेवटी ‘ओव्हर’ म्हणायचं. म्हणजे तुमचं झालं, आता समोरच्याची पाळी.”

हणमंतप्पा देवीचं दर्शन विसरला, अहो, सरळ नळदुर्गच्या गाडीत बसला. राजपालचं दार वाजवलं आणि ते उघडायच्या आतच ओरडला, “राजपाल, आसं यंत्र निगालंय की त्यात मला ऐकावंच लागतंय! बोलताच येत न्हाय!”

दार उघडलं. राजपाल उंबऱ्यातच उभा होता. “खोटं बोलतोस,” तो म्हणाला. पण आत घेतलं.

मग काय विचारता! दोन म्हातारे अभ्यासाला बसले. या सेटला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा. विजेचा दाब, तारेची लांबी, आणीबाणीचे संकेत. म्हशीच्या गोठ्यात ओहमचा नियम घुमायला लागला. तोंडी परीक्षेत साहेबांनी हणमंतप्पाला एक प्रश्न विचारला, त्यानं न विचारलेल्या साताठ प्रश्नांचीही उत्तरं दिली. साहेबांनी जीव वाचवायला पास केलं असावं. चिक्कार वाट पाहिल्यावर दोघांचे परवाने आले, दोघांना आपापली संकेतनावं मिळाली, आणि दोघांनी निम्मे निम्मे घालून सेट आणला.

सेट. एक.

हसू नका. अणदूर-नळदुर्गच्या माणसाला यात काही वावगं दिसत नाही. आमचा खंडोबा तसाच आहे की. मूर्ती एक, देवळं दोन. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला, मार्गशीर्षात पालखीत बसून नळदुर्गला, पौषातली यात्रा झाली की परत. दोन्ही गावचे मानकरी बसून करार करतात, आणि देव बिनबोभाट नांदतो. मग दोन गावांत मिळून एक वस्तू, यात चुकलं कुठं? हणमंतप्पानं करारसुद्धा तोच धरला. देव अणदूरला तोवर सेट अणदूरला, देव नळदुर्गला गेला की सेट नळदुर्गला. राजपाल म्हणाला, “देव तुझा तुला लखलाभ, मी जयभीमवाला माणूस. पण करार चोख आहे. मान्य.” दोघांनी हातावर हात मारले.

हणमंतप्पाच्या घराच्या धाब्यावर लोखंडी पाइप उभा राहिला, पाइपावर एरियल चढला, फवारणीच्या पंपाची बॅटरी जोडली. हणमंतप्पानं अंघोळ करून, विभूती लावून, कळ दाबली आणि राजपालला संकेतनावानं हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली, घसा खरवडून मारली. मग कळ सोडून कान देऊन बसला.

शांतम्मा भाकरी थापत होती. तिनं विचारलं, “कुनाला बोलावताव?”

“राजपालला.”

“त्येंच्याकडं काय हाय?”

“काय म्हंजे?”

“अय्य! सेट तर हितं हाय. ते कशातनं ऐकनार? पातेल्यातनं?”

हणमंतप्पानं सेटकडं पाहिलं, एरियलकडं पाहिलं, शांतम्माकडं पाहिलं. त्या दिवशी अणदूरनं त्याला पहिल्यांदा गप्प पाहिलं, पण ते जेवणापुरतंच. त्यानं राजपालला फोन लावला. मालनबाई गेल्यापासूनचा तो पहिला फोन, आणि दोघं एकदमच ओरडले, “अरे, सेट एकच हाय की!” मग दोघंही इतके हसले की शांतम्माला वाटलं कुणीतरी रडतंय.

दुसरा सेट आणायचं कुणाच्या मनात आलं नाही. करार एका सेटचा झाला होता ना! मग राजपालच गाडीत बसून अणदूरला यायला लागला. दोघं एका खाटेवर बसायचे, मधे सेट. माइक ज्याच्या हातात तो बोलणार. हणमंतप्पा राजपालला संकेतनावानं पुकारायचा, ‘ओव्हर’ म्हणून माइक त्याच्या मांडीवर ठेवायचा. राजपाल तो उचलून उत्तर द्यायचा. “आवाज एकदम स्पष्ट येतोय. तुझ्या तोंडातल्या तंबाखूचा वासही येतोय. ओव्हर.”

एकदा सोलापूरहून गुरुप्रसाद मधेच आले. “दोघांचेही सिग्नल अगदी सारखे येतायत. आपण कुठून बोलताय? ओव्हर.”

“याच खाटेवरनं. ओव्हर,” राजपाल म्हणाला.

पलीकडं बराच वेळ नुसती खरखर झाली. गुरुप्रसादांनी नंतर आपल्या मित्रांना काय सांगितलं ते आपल्याला ठाऊक नाही, पण संध्याकाळी सोलापूर भागातली हौशी मंडळी या खाटेवरचं बोलणं ऐकायला येऊन बसायची म्हणे. ऐकण्यासारखं काय होतं त्यात? गुडघ्याचं दुखणं, तुरीचा भाव, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. हणमंतप्पानं लांबण लावली की सेट खटकन त्याचं बोलणं तोडायचा, आणि राजपाल खुशीत येऊन सेटला थोपटायचा. फक्त मालनबाईचा विषय निघाला नाही. हणमंतप्पाच्या ओठावर यायचा, माइक जड व्हायचा, आणि तो तुरीच्या भावावर ‘ओव्हर’ करायचा.

मार्गशीर्ष आला. देव निघाला तशी सेटचीही निघायची वेळ झाली. हणमंतप्पानं तो टोपलीत घातला, वर पांढरा टॉवेल टाकला आणि टोपली डोक्यावर घेऊन पालखीच्या मागं चालू लागला. टोपलीत टॉवेलाखाली काय, हे कोण विचारतंय? पालखीमागं चाललीय म्हटल्यावर देवाचंच काहीतरी असणार. बायाबापड्या पाया पडल्या, मुठी मुठी भंडारा उधळला. ‘येळकोट येळकोट’च्या गजरात सेट नळदुर्गला पोचला तो हळदीनं पिवळाधमक होऊन. राजपालनं पांढरा शर्ट घालून तो चालू केला. मागचा छोटा पंखा फिरला आणि आतला सगळा भंडारा त्याच्या छातीवर आला. किती पुसला, किती फुंकला, पण पुढं जेव्हा जेव्हा सेट तापून पंखा लागायचा तेव्हा खोलीत हळदीचा भपका उठायचाच. राजपाल म्हणायचा, “मी नाही म्हटलं तरी तुझा देव माझ्या घरात यायचं सोडत नाही.” आता हणमंतप्पा नळदुर्गला जायचा, त्या पिवळ्या खोलीत बसून आपली पाळी यायची वाट बघायचा. वाट बघायचा, बरं का! हा हणमंतप्पा!

आणि पौषात राजपालची मुलगी आली. श्रावस्ती पुण्याला नोकरीला. बापाचा गुडघा आता पार गेला होता, जिना चढवत नव्हता, एकट्याचं खाणंपिणं नीट नव्हतं. तिनं ठरवलं, पप्पांना कायमचं पुण्याला न्यायचं. राजपालनं हे फोनवर सांगितलं. हणमंतप्पाला कळलं ते एवढंच की राजपाल चाललाय. आता कुणीही म्हणेल, त्यानं म्हणावं की बाबा, तुझ्यावाचून मला करमणार नाही. पण छे! त्यानं सेटचा मुद्दा काढला.

“यात्रा झाली. करारानं सेट अणदूरला आला पायजे!”

“पुण्यात बोलायला माणसं भरपूर आहेत, अणदूरला कोण आहे? सेट मी नेणार!”

“निम्मा माजा हाय!”

“निम्मा माझाही आहे!”

दोघं एकदमच बोलत होते, नेहमीसारखे, आणि दोघांनी एकदमच फोन ठेवला.

निघायच्या दिवशी हणमंतप्पा टोपली आणि टॉवेल घेऊन नळदुर्गच्या स्टँडवर हजर. पुण्याची गाडी लागायची होती. बाकावर राजपाल बसलेला, मांडीवर पिशवी, पिशवीतून माइकची वळणदार वायर बाहेर लोंबत होती. श्रावस्ती सामानापाशी.

“सेट काढ,” हणमंतप्पा म्हणाला.

“नाही काढत,” राजपाल म्हणाला.

तिथून जी जुंपली! करार, देव, परवाना, निम्मा हिस्सा, कधीकाळचा उमरग्याच्या गाडीचा घोटाळा, सगळं एकमेकांच्या डोक्यावर आदळलं. माणसं गोळा झाली. चहावाला किटली घेऊन आला आणि ओतायचं विसरला. श्रावस्ती “पप्पा, काका, अहो” करून थकली. दोघांचीही तोंडं लाल झालेली. कोण काय बोलतंय हे खुद्द बोलणाऱ्यालाही ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात स्टँडचा कर्णा वाजला. खिडकीतून नव्या नियंत्रक बाई बोलत होत्या, पुण्याला जाणारी गाडी लागत आहे, प्रवाशांनी सामान सांभाळावं. आणि हे दोघं म्हातारे मधल्या शब्दावर गप्प झाले, मान खाली घालून उभे राहिले. माइकवर माणूस बोलत असताना मधे बोलायचं नाही, एवढी एकच गोष्ट दोघं आयुष्यभर पाळत आले होते.

पुकारणं संपलं. राजपालनं पिशवीतून सेट काढला, वर माइक ठेवला. बॅटरी नाही, एरियल नाही, सेट थंड पडलेला. त्यानं माइक हणमंतप्पाच्या हातात दिला. “घे. तू आधी.”

हणमंतप्पानं माइक तोंडाशी धरला, कळ दाबली. बंद सेटवर बोलताना कुणी हसेल असं त्याच्या मनातही आलं नाही. आपलं संकेतनाव सांगितलं, राजपालचं सांगितलं. सगळा स्टँड बघत होता.

“सेट नगं मला,” तो शेवटी म्हणाला. “सेटचा बहाणा होता. तू जाऊ नगस. मालनवैनीच्या टायमाला म्या बोअरचं सांगत बसलो. तू ये म्हनलास आन मला ऐकू आलं न्हाय. तवापासून मला झोप न्हाय, राजपाल. माफ कर. ओव्हर.”

माइक राजपालकडं गेला. “जावं लागतंय, आप्पा. जिना चढवत नाही. पोरगी एकटी किती धावणार? ओव्हर.” माइक द्यायला म्हणून हात पुढं केला, पण पुन्हा मागं घेतला. “आणि माफीचं राहू दे. मला पण सवय होती दुसऱ्याचं न ऐकायची. ओव्हर.”

मग त्यानं पॅनलची कळ दाबली. सेटचं तोंड अलगद सुटून हातात आलं. ते त्यानं हणमंतप्पाच्या टोपलीत ठेवलं आणि वर टॉवेल टाकला. धड आणि माइक आपल्या पिशवीत घातले.

“आता कुणालाच बोलता येनार न्हाय की यावरनं!” हणमंतप्पा म्हणाला.

“नाहीच येणार. मार्गशीर्षात देव इकडं आला की मी धड घेऊन येतो, तू तोंड घेऊन ये. करार आहे.”

गाडीचा कंडक्टर ओरडत होता. राजपाल श्रावस्तीचा हात धरून कसाबसा चढला. हणमंतप्पा टोपली डोक्यावर घेऊन अणदूरच्या गाडीत बसला आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलला नाही. शांतम्मानं ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

सेटचं तोंड आता भिंतीतल्या देवळीत आहे. शांतम्मा रोज फडक्यानं पुसते, आणि चुकून हातात धरून ‘हॅलो’ म्हणते, पण ते कुणाला सांगू नका.

पुण्याहून फोन आला तो काही दिवसांनी. हणमंतप्पानं उचलला, तोंड उघडलं, समोर देवळीतलं ते हिरवी पट्टी विझलेलं पॅनल दिसलं, आणि त्यानं तोंड मिटलं. पलीकडून राजपाल बोलायला लागला. लिफ्ट आहे म्हणाला. डॉक्टर बरा आहे. शेजारी कुणी कुणाशी बोलत नाही. पिशवीतून धड काढून टेबलावर ठेवलं तर श्रावस्तीचं पांढरं टेबल पिवळं झालं, दोनदा पुसलं तरी जात नाही. इथवर सांगून तो थांबला. हणमंतप्पा गप्प. मग राजपालनं हळू आवाजात मालनबाईचं सांगायला सुरुवात केली. त्या सकाळी तिला कसं गाडीत घातलं, वाटेत तिनं पाणी मागितलं, दवाखान्यात ती हणमंतप्पाभावजी आले का म्हणून विचारत होती, त्यांना चहा द्या म्हणाली. शेवटी हात कसा धरला होता. त्या दिवशी जे सांगायचं होतं ते सगळं त्यानं सांगितलं, सावकाश, काहीही न गाळता.

हणमंतप्पानं फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान लाल झाला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण तोंडातून हूं की चूं नाही.

“एवढंच होतं,” राजपाल म्हणाला. “ओव्हर.”

शांतम्मा चुलीपासून म्हणाली, “अवं, बोला की. तुमची पाळी हाय.”

“आप्पा?” पलीकडून राजपालनं विचारलं. “आहेस का? ओव्हर.”

“हाय,” हणमंतप्पा म्हणाला. “ऐकलं म्या. समदं ऐकलं. ओव्हर.”